बोंड शेंड्याला की देठापाशी

जमुनाबाई, तुमचं रानातलं काम सुटलं ते माझ्यामुळे. तुम्ही दोन्ही फुलं बरोबर ओळखली होती, चुकलो मी. कोणाकडून तरी हे वाचून घ्या.

एवढं लिहून बापूसाहेबानं कागद फाडला. अकोल्याच्या कचेरीतला हा पुण्याचा कारकून. कबुलीसुद्धा दुसऱ्याच्या तोंडून ऐकवणार होता!

जमुना चांदूर बाजाराकडची, नवरा गेलेली. उमरावतीचे एक इंग्रज साहेब रानझाडं जमवत. त्यांच्यासाठी ती सेमाडोहच्या रानातून फुलं आणायची. ते नसतं तर दिराच्या शेतात कापूस वेचणं आणि जावेची बोलणी होतीच. आदल्या हिवाळ्यात तिनं निळ्या, घंटीसारख्या फुलांच्या दोन जुड्या आणल्या. दिसायला सारख्याच. जात एक की दोन, हे पाहून लिहायचं काम साहेबांनी तेव्हा उमरावतीलाच असलेल्या बापूसाहेबावर टाकलं.

"फूल नोका पाहू जी, बोंड पाहा," जमुना म्हणाली. "एकाचं शेंड्याले फुटते, एकाचं देठापाशी."

"मी फुलांचं विचारतोय, बाई. कपाशी कुठून काढलीत मध्येच?"

तिनं तोंड उघडलं, तोवर तो हसत लिहायला लागलाही होता. वाळल्यावर फुटून बी सांडणाऱ्या कुठल्याही फळाला बोंड म्हणतात, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? पण अमेरिकेतल्या लढाईनं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आणले होते, आणि बोंड म्हटलं की सगळ्यांना कपाशीच दिसे. त्यानं लिहिलं, जात एकच. एकाच फुलाची दोन करून आणते म्हणून साहेब जमुनेवर उखडले. काम गेलं.

अकोल्याला बदली झाल्यावर दप्तरात राहिलेल्या, त्या दोन जुड्यांतल्या दोन वाळक्या काड्या त्यानं सहज झटकल्या. एकीचं बी शेंड्यातून सांडलं, दुसरीचं देठाजवळच्या भोकांतून.

पत्र फाडून तो बैलगाडीनं थेट जमुनेच्या दिराच्या शेतात गेला. मान खाली घालून सगळं सांगितलं.

"मंग दोनच होत्या ना?" जमुना हसली. "मी जावेले म्हनतच होती."

"माफ करा."

"माफी घेऊन मी का करू? सायबाले सांगा. जमुना खोटी नवती, येवढंच."

"परवाच सांगतो."

परवा तो उमरावतीला गेलाही. साहेबांनी त्याच्या नेमक्या नोंदींची तारीफ केली, बढतीचं काढलं. तो 'जी' म्हणाला आणि जोडे घालून बाहेर आला. पुढं चार वर्षं दर खेपेला तो साहेबांपुढे उभा राहत होता, जमुनेचं नाव न काढता. तिकडे अकोल्याहून कोणी आलं की जमुना कमरेला बांधलेला कापसाचा ओटा सावरत विचारायची, "सांगतलं का त्यायनं?"