ताई काही केल्या घाबरेना

भयकथा लिहायला लागणारी सगळी पात्रता माझ्याकडे आहे: आठवीत सोडलेली शाळा आणि प्रत्येक गोष्टीला भिण्याची सवय.

लिंबायतला मी सांचे, म्हणजे कापडाचे लूम, चालवतो. गावाकडून आणून काम आणि छप्पर दिलं ते ताई-दाजींनी. (हे उपकार मी कधीच विसरत नाही, दाजी रोज जेवताना आठवण करून देतात.) लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या जिग्नेशभाईने माझ्या अठरा पानांवर भुताचा सिनेमा काढायचं ठरवलं, तेव्हा शूटिंगला खोलीही ताई-दाजींचीच. खाली सांचे, वर आम्ही. ठरलेली नटी पत्ता ऐकूनच आजारी पडली. मग नायिका ताई. आणि भूत? कोऱ्या कापडात गुंडाळलेले दाजी!

भर दुपारी दाजी हात पसरून आले. ताई खदखदून हसली.

"ताई, घाबर ना!"

"पंधरा वरीस व्हयनात लगीनले, आते यासले काय भिऊ?"

नऊ वेळा भूत आलं, नऊ वेळा ताई हसली. दहाव्यांदा तर भुतालाच म्हणाली, "पाय पुसा आधी!"

जिग्नेशभाई तापला. "लेखकसाहेब, आज किंकाळी नाही आली ने, तर लेखक बदलून टाकीन हं!"

कापडातून दाजी बोलले, "आणि तुझी वही रद्दीत!"

मी घाबरलो. (चला, कोणीतरी घाबरलं!) सुचलं एवढंच की भुताआधी शांतता हवी. खालच्या खडखडाटात भूत येऊन गेलं तरी कळायचं नाही. वर कोणाला न सांगता खाली गेलो, सांच्यांच्या मालकाच्या, शेटच्या हातापाया पडून दोन मिनिटं मागितली आणि स्वतः मेन स्विच ओढला.

सगळे सांचे गप्प.

आणि वरून किंकाळी! "भाऊना हात गया रे मशिनमा!"

भुताला ढकलून ताई जिन्यावरून खाली, मागे कापडात अडखळत दाजी, मागे अख्खी गल्ली. भर दिवसा सांचे असे एकदम थांबले, की कोणाचा तरी हात अडकला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. विसरला फक्त भयकथालेखक!

ताईने माझे दोन्ही हात धरून बोटं मोजली. दहा. पुन्हा मोजली. दहाच. मग सणसणीत कानाखाली दिली.

जिग्नेशभाईचा कॅमेरा चालूच होता. सिनेमात आता भूत नाही, ताईची किंकाळी तेवढी आहे. लोक म्हणतात, "काय लिहिलंय राव!" मी नम्रपणे हात जोडतो. दहाही बोटं शाबूत आहेत. ती किंकाळी त्यांतल्या एकानेही लिहिलेली नाही.