तायडेकाकांचं कॉकपिट

कोणतीही वस्तू हातात आली की तायडेकाका ती आधी उजेडाकडे धरत. चहाचा ग्लास असो, एसटीचं तिकीट असो, नाहीतर त्यांनीच करून आणलेली माझ्या पेशंटची कवळी असो. एक डोळा मिटायचा, मान तिरपी करायची आणि आत काय दिसतं त्यावरून मत ठरवायचं. पहिल्या भेटीत माझं व्हिजिटिंग कार्डही त्यांनी तसंच धरलं. मला वाटलं, माझी डिग्री खोटी आहे की काय ते बघतायत.

माझा दातांचा दवाखाना अकोल्यात, ते राहायचे अमरावतीला. कवळ्या आणि दातांच्या कॅप करणारे जुने कारागीर. दर गुरुवारी एसटीने यायचे आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढायचे. वरच्या कप्प्यात माझे दात, खालच्या कप्प्यात विमानं. अख्खी विमानं नव्हेत, नुसती कॉकपिटं; पायलट बसतो ती जागा, काडेपेटीत मावेल एवढी.

प्लास्टिकची छोटी विमानं जोडण्याचा छंद असणारे लोक जगभर आहेत, हे मला त्यांच्यामुळे कळलं. विकतच्या किटमध्ये पायलटची जागा म्हणजे एक ओबडधोबड खुर्ची आणि वेग-उंचीच्या घड्याळांच्या जागी चिकटवायचा कागद. चोखंदळ माणसाला ते चालत नाही. तो रेझिनचं, म्हणजे ओतून घट्ट केलेल्या प्लास्टिकचं, वेगळं कॉकपिट मागवतो. काका ते घरी करत. मूळ नमुना कोरायचा, त्याचा सिलिकॉनचा साचा घ्यायचा, त्यात रेझिन ओतायचं. आमच्या कवळीच्या कामापेक्षा फार वेगळं नाही. पार्सलं बंगळुरूला जात, पोलंडला जात, जपानला जात. काका स्वतः मूर्तिजापूर ओलांडून माझ्यापर्यंत येत, तेवढाच त्यांचा प्रवास.

"तुम्ही कधी विमानात बसलात का हो?" मी एकदा खवचटपणे विचारलं.

"नाई. बसाचं कशाले?" ते म्हणाले. "बसल्यावर मांडीखालचं दिसत नाई."

हे रेझिनचं कॉकपिट किटमधल्या विमानाच्या पोटात सहज मावत नाही. विमानाची भिंत आतून घासून पातळ करावी लागते, पलीकडचा उजेड दिसेपर्यंत. "उजेड दिसला का थांबाचं मॅडम. आनखी एक हात मारला का भोक." उजेडाकडे धरायची खोड तिथली. मग विमानाचे दोन अर्धे चिकटवले की आतलं बहुतेक काम झाकून जातं. महिनाभर डोळे फोडून केलेलं काम असं गडप करायचं, हे मला काही केल्या पटायचं नाही. त्यांना पटायचं. "कवळी तोंडात गेल्यावर आतून कोन पाह्यते? तरी आतून घासतोच ना आपन?"

त्यांच्या घरी मी एकदाच गेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, एक बहीण मोर्शीला. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि एकीवर साचे रचलेले. साचे उचलून ठेवायला त्यांना जागाच सापडेना. कोणी येईल हे त्या घराच्या लक्षातच राहिलं नव्हतं. शेवटी मी बसले आणि ते उभ्यानेच चहा प्यायले. निघताना त्यांनी एक पूर्ण जोडलेलं विमान माझ्या हातात ठेवलं, वरची काच उघडी ठेवलेलं. "दवाखान्यात ठेवा. पाहात जा कधीमधी."

मी ते कपाटावर ठेवलं. आठवड्याला त्याच्यावरून फडकं फिरायचं.

मग एका गुरुवारी ते आले ते डबा न उघडताच बसून राहिले. चार वर्षांपूर्वी त्यांनी एक खुर्ची कोरली होती, मासिकातल्या फोटोवरून. दोनेक महिन्यांपूर्वी तोच फोटो त्यांना दुसरीकडे मिळाला, जास्त स्वच्छ. तेव्हा कळलं, मासिकात तो उलटा छापला गेला होता. खुर्ची वरखाली करायचा खटका काकांनी भलत्याच बाजूला बसवला होता. आमच्यात उजव्या दाढेची कॅप डावीकडे बसवल्यासारखंच हे. माझ्या कपाटावरच्या विमानात तीच खुर्ची होती.

त्यांनी नवा नमुना कोरला, नवा साचा केला आणि पत्ते शोधून प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला माफीच्या चिठ्ठीसह नवी खुर्ची पाठवली होती. उत्तरंही आली होती, गोड भाषेत. विमान केव्हाच चिकटवून बंद केलंय, आता काय दिसतंय, उगाच त्रास घेतलात.

"चुकलं याचं नाई वाटत मॅडम," काका म्हणाले. "चार वर्सात कोनी पाह्यलंच नाई, याचं वाटते." मग त्यांनी वर बघितलं. "तुमाले दिसलं होतं का?"

माझ्या तोंडून पटकन गेलं, "दिसलं होतं की. म्हटलं, तुम्हाला कशाला बोलायचं."

त्यांचा चेहरा इतका उजळला की मला तिथल्या तिथे लाज वाटली. "सांगतलं काहून नाई मंग? कोन्या बाजूले बसवला होता मीनं?"

"उजवीकडे," मी ठोकून दिलं.

"हाव," ते म्हणाले, आणि डबा उघडून कवळ्या टेबलावर मांडायला लागले. त्यानंतरही ते दर गुरुवारी आले, दात चोख आणले, पण खालचा कप्पा माझ्यासमोर पुन्हा उघडला नाही. मीही विषय काढला नाही. माफी मागायची म्हणजे खोटं बोलले हे कबूल करावं लागणार, आणि ते त्यांना ठाऊकच होतं.

या श्रावणात एका गुरुवारी ते आले नाहीत. शुक्रवारी मोर्शीहून त्यांच्या बहिणीचा फोन आला. टेबलाशी बसल्या बसल्याच गेले, म्हणाली. शेजारच्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

त्या दुपारी पेशंट संपल्यावर मी विमान खाली काढलं. पेशंटच्या खुर्चीवरचा दिवा ओढला, दाढा तपासायचा आरसा घेतला आणि पहिल्यांदा आत बघितलं. खुर्चीच्या पट्ट्यांना शिवण होती. गादीचा एक कोपरा बसून बसून चपटा झालेला दाखवला होता. आणि खटका उजवीकडे होता. क्षणभर मला बरं वाटलं, आपण खोटं बोललोच नव्हतो. मग आठवलं की हातात आरसा आहे. जन्मभर आरशात बघून दात कोरणाऱ्या बाईला हे आठवायला लागावं.

आरसा बाजूला ठेवला, विमान उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटला.

"डावीकडे, काका," मी म्हटलं.