मामेसासऱ्यांचे एकसष्ट गुण

मुंबईत गाडी चालवता येणारा माणूस एकच आहे आणि ते माझे मामेसासरे आहेत. बाकी आपण सगळे नुसतं स्टिअरिंग धरून बसतो आणि नशिबाने घरी पोचतो. हे मत त्यांचं स्वतःचंच आहे. पण मी बावीस वर्षं गाड्यांचे विमे उतरवते. भोईवाड्यात कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझं एका टेबलाचं ऑफिस आहे, फुटलेले दिवे आणि चेपलेली दारं यांचे फोटो रोज माझ्यासमोर येतात, आणि एवढ्या वर्षांत त्यांचं मत खोडून काढण्याजोगं मला काही सापडलेलं नाही.

मामांनी एकतीस वर्षं शहराची बस चालवली. नायगावच्या चाळीतून खाकी कपडे घालून निघायचे, ते संध्याकाळी इस्त्री न मोडता परत यायचे, असं मामी सांगतात. एकतीस वर्षांत अपघात एकही नाही. एक ओरखडा आहे, पण तो उभ्या बसला एका हातगाडीने घातलेला, आणि ती हकिकत सांगताना मामा आजही सुरुवातीलाच बजावतात, “हा माझ्या नावावर लावायचा नाही.” निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली आणि तिलाही बसचेच सगळे नियम लावले. निघण्याआधी तिच्याभोवती एक पूर्ण चक्कर, चारही टायरना टाचेचा एकेक टोला, वाकून खाली तेल गळतंय का ते बघणं, मग आरसा पुसणं. तोवर आपण सगळ्यांनी बाहेर उभं राहायचं. एकदा माझ्या नवऱ्याला सणसणून ताप होता, डॉक्टरकडे न्यायचं होतं, तरी मामांनी त्याला फुटपाथवर उभं करून आधी चक्कर पूर्ण केली. मी कुरकुरले तर म्हणाले, “तापाचा माणूस पाच मिनिटं थांबू शकतो. ब्रेक लागला नाही तर गाडी थांबेल का?”

त्यांच्या गाडीत चालकाशी बोलायला बंदी आहे. लालबाग ते दादर आम्ही सगळे परीक्षेला बसल्यासारखे गप्प बसतो. माझ्या जावेने एकदा न राहवून विचारलं, “मामा, जरा एसी वाढवता का?” मामांनी इंडिकेटर दिला, शिवाय खिडकीतून हातही दाखवला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मागे वळून म्हणाले, “हां, बोल आता.” हॉर्न ते वाजवत नाहीत. हॉर्न म्हणजे ब्रेक उशिरा सुचल्याची कबुली, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आजूबाजूचे लोक त्यांच्यासाठी हॉर्न वाजवतात ते वेगळं.

असा माणूस दरवर्षी विम्याच्या मुदतीआधी महिनाभर माझ्या टेबलासमोर येऊन बसतो तेव्हा माझी काय अवस्था होते, ते मला विचारा. हातात प्लास्टिकचं फोल्डर. त्यात लायसन्स, गाडीची कागदं आणि डेपोने निवृत्तीच्या वेळी दिलेलं अपघातरहित सेवेचं प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र विम्याला लागत नाही, हे मी त्यांना दरवर्षी सांगते आणि ते दरवर्षी त्याची नवी झेरॉक्स आणतात.

“काय काय बघून दर लावतात तुमची माणसं?”

“गाडी किती जुनी, इंजिन केवढं, कुठल्या शहरातली, आणि मागे क्लेम घेतलाय का.”

“आणि चालवणारा?”

“त्याच्याकडे लायसन्स असलं की झालं, मामा.”

“म्हणजे मी आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा तो, सारखेच?”

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांनी, चाळीच्या जागी आता उभ्या असलेल्या सोसायटीच्या गेटला तीन वेळा गाडी ठोकली आहे. पण त्यांच्या मेहुण्याचं गॅरेज असल्यामुळे क्लेम कधी घेतला नाही. कागदावर तेही मामांइतकेच स्वच्छ आणि सवलतही तेवढीच. “पेपर न तपासता सगळ्यांना पास करता तुम्ही,” मामा म्हणायचे. मुंबईचा दर गावापेक्षा जास्त, कारण इथे अपघात जास्त, हे मी समजावलं तर म्हणाले, “ते मी केले का? त्याच्या गेटचे पैसे मी का भरू?” मी म्हटलं, “त्यांनी क्लेम घेतलाच नाही, मामा.” “मग दुसऱ्या कुणाच्या तरी गेटचे भरतोय.” विमा म्हणजे साधारण तेच. मी हसून सही घ्यायचे. धंद्यात बरोबर माणसाशी वाद घालायचा नसतो.

गेल्या वर्षी कंपनीने नवी योजना काढली. फोनमध्ये एक अ‍ॅप घ्यायचं. ते तुमचं गाडी चालवणं बघणार, ब्रेक कसा मारता, वळण कसं घेता ते मोजणार आणि शंभरातले गुण देणार. वर्षअखेर गुण चांगले असले तर दरात सूट. मी हे वाचून पहिला फोन मामांना केला. ते त्याच दुपारी आले. मी अ‍ॅप घालून देत असताना त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं. “शेवटी कुणीतरी बघणार तर,” एवढंच म्हणाले. बावीस वर्षांत विमा घेताना इतका आनंदी माणूस मी पाहिला नव्हता.

तीन आठवड्यांनी ते फोन न करता आले. फोल्डर नव्हतं. मोबाइल त्यांनी माझ्यासमोर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “एकसष्ट.”

शंभरात एकसष्ट. खाली लिहिलं होतं, ‘अचानक ब्रेक : वारंवार’. एकतीस वर्षांच्या झेरॉक्सवर त्या मशीनने एका ओळीत पाणी ओतलं होतं. घरी मामींनाही त्यांनी हे सांगितलं नव्हतं. मी प्रवासांची यादी उघडली. पहिल्या पानावर रोज एकच रेघ : नायगाव, लालबाग, तिथून सरळ गिरगाव. आणि दर दोन-तीन मिनिटांनी थांबा.

“मामा, रोज कुठे जाता?”

“गिरगावात, फणसवाडीला. माझा कंडक्टर असतो तिथे. अंथरुणावर आहे तो हल्ली. डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून पेपर वाचून दाखवतो.”

“गाडी घेऊन?”

“तिथे गाडी लावायला जागा कुठाय? बसने जातो. रोज तीच बस, तोच ड्रायव्हर. त्याच्या मागची सीट.”

मी यादीकडे बघितलं, मग मामांकडे. “मामा, हे गुण तुमचे नाहीत. त्या बस ड्रायव्हरचे आहेत. फोनला वाटलं बस तुम्हीच चालवताय.”

‘मी चालवत नव्हतो’ असं एक बटण असतं. ते दाबलं की तो प्रवास गाळला जातो. मी बोट पुढे केलं, तर मामांनी माझा हात धरला. “थांब. त्याला एकसष्ट दिलेत?”

“हो.”

“बरोबर दिलेत!” त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. “मी साठ दिले असते. अगं, तपासणारा जाणकार आहे.” तीन आठवडे ज्या मशीनला ते मनातल्या मनात शिव्या घालत होते, त्याच्याशी त्यांची त्या क्षणी दोस्ती झाली. बटण दाबू द्यायला मात्र तयार नव्हते. “मुदत संपायला नऊ महिने आहेत ना? तेव्हा दाब. तोवर तो सुधारतो का ते मला कळेल.”

तो ड्रायव्हर चाळिशीचा, कंत्राटावर आलेला, आधी हायवेवर दुधाचा टँकर चालवायचा. दूध काही दांडा धरून उभं राहत नाही. ब्रेक मारताना मागे माणसं उभी आहेत याची त्याच्या पायाला सवयच नव्हती. मामांनी त्याला शेवटच्या स्टॉपवर चहाला गाठलं.

“जयभीम. एकतीस वर्षं मी याच रस्त्याला होतो. तुला एकसष्ट मिळालेत.”

“कसले, काका?”

“शंभरातले.” मामांनी फोन दाखवला.

तो घाबरला. “तुम्ही ऑफिसचे आहात का? काका, कम्प्लेंट नका करू हां. घरी दोन पोरी आहेत.”

“कम्प्लेंट करायची असती तर चहा पाजला असता का? बस खाली.”

पण अडचण अशी होती, की चालत्या बसमध्ये चालकाशी बोलायचं नाही हा नियम मामा स्वतःसाठीसुद्धा मोडणार नव्हते. म्हणून त्यांनी खोकण्याची पद्धत काढली. एक खोकला म्हणजे पुढे बघ, पाय आत्ताच उचल. दोन म्हणजे उशीर झाला. तीन म्हणजे चहा घेताना बोलू. हे मी ऐकीव सांगत नाही. मला एकदा गिरगावात काम होतं म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. लालबागच्या सिग्नलआधी मामा एकदा खोकले आणि बस लोण्यासारखी हळू झाली. शेजारच्या बाईंनी काळजीने त्यांना लवंग दिली. मामांनी ती तोंडात टाकली, मान हलवून आभार मानले आणि पुढच्या वळणावर पुन्हा खोकले. “औषध घ्या हो काका,” बाई म्हणाल्या. मामांचं लक्ष तिकडे नव्हतं. ते दाराजवळ उभ्या असलेल्या एका बाईकडे बघत होते. तिच्या एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात फोन होता. उतरल्यावर मला म्हणाले, “बघितलंस? सबंध रस्ताभर तिने दांडा धरला नाही. याला म्हणतात गाडी चालवणं.”

माझ्या ऑफिसात मग अधूनमधून फोन यायला लागले. हॅलो नाही, काही नाही. “अडुसष्ट.” आणि ठेवून द्यायचे. पावसात पुन्हा पासष्ट झाले तर दोन दिवस मामींशीही धड बोलले नाहीत. गणपतीत चौऱ्याहत्तर. दिवाळीत त्या ड्रायव्हरच्या घरून मामांकडे चिवड्याचा डबा आला, तेव्हा ऐंशीच्या पुढे गेले होते. मी बऱ्याच जणांना शिकवताना पाहिलं आहे. ज्याची काही नोकरी नाही, पगार नाही, अशा शाळेत रोज वेळेवर हजर राहणारा मास्तर मी हा एकच पाहिला.

मुदत आली. मामा फोल्डर घेऊन आले. गुण सत्त्याऐंशी. मी स्पष्ट सांगितलं, “मामा, आता बसचे प्रवास गाळायला लागतील. नाहीतर ती फसवणूक होईल.”

“अर्थात,” ते म्हणाले. “दुसऱ्याचे गुण मी कशाला घेऊ?”

मी एकेक प्रवास उघडून बटण दाबत गेले. शंभराच्या वर होते. मामांनी चहा संपवला, पंख्याकडे बघत बसले. शेवटचा प्रवास गाळल्यावर स्क्रीनवर थोडा वेळ गोल फिरत राहिलं आणि मग अक्षरं आली : ‘गुण देण्यासाठी पुरेसा प्रवास नाही.’

मला वाटलं काहीतरी चुकलं. मी मागे जाऊन बघितलं. त्यांच्या गाडीचे पूर्ण वर्षात चार प्रवास उरले होते. शेवटचा पावसाळ्याच्या आधीचा, नायगाव ते दादर. त्यानंतर गाडी हललीच नव्हती. फणसवाडीत गाडी लावायला जागा नाही, हे कारण मी ऐकलं आणि तपासलं नाही. विम्याच्या धंद्यात ही चूक नवखी माणसं करतात.

“मामा, गाडी का काढत नाही?”

त्यांनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. “सिग्नलला क्लच दाबून धरला होता. पाय सुटला. गाडी हातभर पुढे गेली. पुढे एक बाई रस्ता ओलांडत होती. लागलं नाही काही. कुणी बघितलंही नाही.”

“मग?”

“मी बघितलं ना.”

मी व्यवहारी बाई आहे. मी म्हटलं, क्लच नसलेली गाडी घ्या. ते म्हणाले, बघू. मी म्हटलं, मग ही विकून टाका. त्यांनी फोल्डर माझ्याकडे सरकवलं. मी म्हटलं, सूट मिळणार नाही, पूर्ण दर लागेल. “लाव,” ते म्हणाले. इंजिन केवढं, शहर कुठलं, तिसऱ्या मजल्यावरचा काय भरतो, यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही. इतकी वर्षं त्या भांडणाला मी कंटाळले होते, आणि त्या दिवशी मी त्याची वाट बघत होते.

माझ्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे : गाडी मुख्यतः कोण चालवतं. दरवर्षी मी तो न विचारता भरते. या वेळी माझं पेन तिथे थांबलं. मामांनी ते पाहिलं.

“माझं नाव लिही,” ते म्हणाले.

मी लिहिलं. त्यांनी वाकून ते वाचलं, नावातली एक वेलांटी दुरुस्त करून घेतली आणि सही केली.