मी डावीकडून बोलून राहिली

वायरी आणि किस्से, दोन्ही आमच्या दुकानात कोणी मुद्दाम साठवत नाही, पण साठतात. एक ओढायला जावं तर गुंत्यातून चार बाहेर येतात. नागपुरात सदरमध्ये दिलीप आणि मी भागीदारीत दुकान चालवतो. लोकांकडे होम थिएटर बसवून देतो, आणि बसवलेलं मुकं झालं की जाऊन बोलतं करतो. तिसरी सुलभावहिनी, दिलीपची बायको. फोन ती घ्यायची. यातले निम्मे किस्से तिच्या आवाजातले आहेत. मधे तिचा तो आवाजच गेला, आणि गावभरचे स्पीकर दुरुस्त करणारे आम्ही दोघं नुसते बघत बसलो. ते ओघानं येईलच. आधी चांगला आवाज ऐका.

*

फोन आला की वहिनीचा पहिला प्रश्न ठरलेला. "रिमोट कोणाजवळ आहे?"

आमच्या कितीतरी तक्रारी तिथेच मिटतात. नंदनवनचे एक काका मात्र फारच तापले होते. "रिमोटचं काय घेऊन बसल्या बाई! मशीनच खराब आहे तुमची. चित्र दिसून राहिलं, आवाज नाही!"

"हो जी काका, पण रिमोट हातात घ्या ना जरा."

"सापडून नाही राहिला तो!"

"तुम्ही बसले कुठे?"

"सोफ्यावर. काहून?"

"जरा उठता का?"

सोफा करकरला. मग फोनमधून बातम्यांचा असा काही आरडाओरडा आला की वहिनीनं फोन कानापासून हातभर लांब धरला. काकांनी रिमोटवर बसता बसता आवाज बंद केला होता आणि उठता उठता चालू!

"उठले वाटते," वहिनी म्हणाली.

*

स्पीकर तपासायची सोय मशीनमध्येच असते. बटण दाबलं की एकेका स्पीकरमधून आळीपाळीनं 'सूंऽऽऽ' असा आवाज येतो. ज्यातून येणार नाही तो बंद. साधं काम आहे.

एका घरी दिलीपनं ते बटण दाबलं, आणि स्वयंपाकघरातून काकू किंचाळत आल्या. "गॅस लीक होऊन राहिला! निघा, निघा बाहेर!"

सासरे, नातवंडं, भांडी घासणाऱ्या बाई, सगळे अंगणात. आत एकटा दिलीप, "काकू, हा आपलाच आवाज आहे" असं सांगत. बाहेरून काकू ओरडताहेत, "अरे, त्या फिटिंगवाल्याले काढा गा कोणीतरी!" शेवटी सासऱ्यांनी मेन स्विच पाडला. सूं बंद झालं.

"पाहा," काकू म्हणाल्या, "थांबला गॅस!"

हे ऐकून वहिनी दुकानात पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "त्या सूंसूंपेक्षा मीच बोलते ना."

आणि खरंच बोलली! ओळखीच्या एका स्टुडिओत जाऊन तिनं प्रत्येक स्पीकरसाठी एकेक ओळ रेकॉर्ड केली. "मी डावीकडून बोलून राहिली. ऐकू येऊन राहिलं का?" मग मधून, मग उजवीकडून, मग मागच्या दोन्ही बाजूंनी. आणि शेवटी सगळ्या स्पीकरमधून एकदम, "सगळीकडून आलं ना? मग चहा टाका!"

ती शेवटची ओळ तिनं आम्हाला न विचारता घातली. तेव्हापासून दिलीपला एकाही घरातून चहा घेतल्याशिवाय सुटका मिळाली नाही.

*

गंमत म्हणजे लोक उत्तर देतात. मोठमोठी माणसं, कडक इस्त्रीची, सोफ्यावर बसून स्पीकरकडे बघत म्हणतात, "हो, येऊन राहिलं!" एका आजोबांनी तर उलट विचारलं, "येऊन राहिलं, पण तू कोणाकडली गा बाई?"

एका घरी नवराबायकोची जुंपली. वहिनीचा आवाज म्हणाला, "मी डावीकडून." नवरा म्हणे बरोबर. बायको म्हणे चूक, ही तर उजवी. तो सोफ्यावर बसला होता, ती टीव्हीजवळ त्याच्याकडे तोंड करून उभी. दोघंही आपापल्या जागी बरोबर, त्यामुळे कोणी हटेना. दिलीपनं दुकानात फोन लावला.

वहिनी म्हणाली, "ताईंना सोफ्यावर बसवा."

"त्या नाही बसत. कामात आहे म्हणतात."

"मग भाऊंना काम द्या, अन् ताईंना बसवा!"

त्या घरी त्या दिवशी चहा नवऱ्यानं केला.

*

नागपूरचा मे महिना लागला की आमच्याकडे एकच तक्रार येते. "धमधम बंद झाली." म्हणजे जमिनीवरचा मोठा स्पीकर, सबवूफर, गप्प. पहिल्या वर्षी आम्ही मशीनच्या मशीन उघडून बसलो. मग कळलं की सबवूफरचा प्लग काढून तिथे कूलरचा लावलाय!

एका मावशींना मी जरा चिडून म्हणालो, "मावशी, एवढं महागाचं सामान, अन् त्याचा प्लगच काढून टाकला?"

मावशी पदरानं मानेवरचा घाम पुसत म्हणाल्या, "भाऊ, तुमची धमधम दिवाळीत ऐकू. आता जगू द्या."

मी मुकाट्यानं कूलरसमोर बसून घेतलं.

*

टीव्हीखाली जो मधला स्पीकर असतो ना, त्यातून माणसांची बोलणी येतात. गाणी, मारामाऱ्या आजूबाजूच्यांतून. मधला गेला की घरभर दणदणाट असतो, पण कोण कोणाला काय म्हणालं ते कळत नाही.

अशीच एका काकूंची तक्रार. "सिरियलमधले सगळे तोंडात सुपारी धरून बोलून राहिले!" जाऊन पाहिलं तर मधल्या स्पीकरला मखमलीचं जाडजूड कव्हर. काकूंनी स्वतः शिवलेलं, सोफ्याला मॅचिंग, कडेला जरीची पट्टी. "धूळ बसते ना गा!" दिलीपला ते काढा म्हणवेना. असा हा माणूस! तिथूनच वहिनीला फोन.

वहिनी काकूंशी बोलली. "काकू, डोक्यावर पदर घेतो तसं वरून झाका. चेहरा उघडा ठेवा बिचाऱ्याचा."

काकूंनी लगेच कात्री आणली. आजही तो स्पीकर डोक्यावरून मखमल घेऊन बसलेला आहे, आणि सिरियल स्वच्छ ऐकू येते.

*

मग वहिनीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ होती, साधी निघाली, सुटलो. पण आवाज घोगरा झाला, फाटका, मधेच नुसती हवा निघून जाईल असा. डॉक्टर म्हणाले, "बोलत राहा. बोलाल तसा सुधारेल. गप्प बसलात तर असाच राहील."

महिनाभरानं ती दुकानात आली, हौसेनं फोन उचलला, म्हणाली, "हॅलो, रिमोट कोणाजवळ आहे?" पलीकडून कोणीतरी म्हणालं, "भाऊ, जरा बाईंना द्या ना फोन."

तिनं तो माझ्या हातात दिला. त्यानंतर उचलला नाही. दुकानात बोलेना, शेजारीपाजारी बोलेना, घरीही नाही. स्वयंपाकघरातून दिलीपला मोबाइलवर मेसेज करायची, "जेवायला या." हा पलीकडच्या खोलीत, भिंतीला भिंत!

गिऱ्हाइकांच्या घरी दिलीप तिचा आवाज लावायचा आणि वायर बघतो म्हणून बाहेर जायचा. चहाची ओळ संपल्यावर आत यायचा. एकदा मला म्हणाला, "अरविंद, घरातला मधला स्पीकर बंद आहे, अन् मले त्याची वायरच सापडून नाही राहिली."

मला एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायला लागतं. त्या दिवशी मी त्याच्यापुढे नुसता चहा सरकवला. फार वाईट वाटलं.

*

आता हा शेवटचा. नागपूरजवळच्या मौद्याच्या एका आजींचा फोन आला. त्यांच्या जुन्या घरी आम्हीच सिस्टिम बसवली होती, वहिनीच्या चहाच्या ओळीसकट. मुलानं नवीन घर बांधलं, आता छतातसुद्धा स्पीकर हवे होते. पण आजींना माझ्याशी बोलायचंच नव्हतं.

"तुम्ही नाही. बाईले द्या फोन."

"बाई सध्या बोलत नाहीत, आजी."

"काहून? रुसली का?"

मी ऑपरेशनचं सांगितलं. आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मग घेऊनच या तिले. बोलली नाही तरी जेवेल ना!"

अडचण वेगळीच होती. वहिनीच्या रेकॉर्डिंगमध्ये डावी, उजवी, मधली, मागची, सगळ्या जागा होत्या. वरची नव्हती. तेव्हा छतात स्पीकर कोण लावत होतं! दिलीप म्हणाला, वरच्यांना मशीनचं सूंसूं लावू. मी मुद्दाम वहिनीसमोर विषय काढला. "वहिनी, आपल्याकडे वरून बोलणारं कोणीच नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "मी वरून बोलले तर लोक म्हणतील, गेली बिचारी!"

आधी आम्ही दोघं दचकलो, मग तिघंही हसलो. दुसऱ्या दिवशी दिलीपचा मोबाइल वाजला. मेसेज नव्हता, रेकॉर्डिंग होतं. ते त्यानं जुन्याला जोडून घेतलं.

मौद्याला सगळं घर हॉलमध्ये जमलं होतं. आजी मधोमध खुर्चीत. वहिनीनं गळ्याभोवती ओढणी गुंडाळलेली, हात जोडून नमस्कार केला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. ही तीच बाई, हे आजींच्या ध्यानात आलं की नाही, कोण जाणे.

दिलीपनं बटण दाबलं. "मी डावीकडून बोलून राहिली. ऐकू येऊन राहिलं का?" तो जुना, खणखणीत आवाज.

"हो!" सगळं घर ओरडलं.

मधून. "हो!" उजवीकडून. "हो!" मागून, दोन्ही बाजूंनी. "हो! हो!"

मग वरची पाळी. छत गप्प.

वहिनीनं सुटकेचा श्वास सोडला. मी पाहिला. दिलीपनंही पाहिला असणार, कारण तो क्षणभर मशीनपाशी तसाच बसला. "उद्या बघू" म्हणाला असता तर कोणी काही म्हटलं नसतं. पण त्यानं वाकून मागची सैल वायर ओढली, नीट खोचली, आणि पुन्हा बटण दाबलं. या वेळी तो वायर बघायला बाहेर गेला नाही.

छतातून घोगरा, थांबत थांबत आवाज आला. "मी... वरून बोलून राहिली. ऐकू... येऊन राहिलं का?"

कोणी उत्तर देईना. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. वहिनी मान खाली घालून उभी.

"हो," आजी म्हणाल्या. "येऊन राहिलं."

रेकॉर्डिंग तिथेच संपलं. आजी वाट बघत होत्या. नवं रेकॉर्डिंग जोडताना शेवटची ओळ कापली गेली होती, हे आमच्या तेव्हा लक्षात आलं.

"चहाचं राहिलं ना," आजी म्हणाल्या.

दिलीपनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आणि स्वयंपाकघराच्या दारातून तोच घोगरा आवाज आला, सगळ्यांसमोर.

"सगळीकडून आलं ना? मग चहा टाका."

आजींनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. सुनेला म्हणाल्या, "ऐकलं ना वं? टाक चहा."