रुआँच्या पायऱ्या

बर्मिंगहॅममध्ये आमच्याच रस्त्यावर राहणारे ते गृहस्थ रोज सकाळी पार्कात फ्रान्समधलं रुआँ शहर फिरायचे. हातात स्वतः काढलेला नकाशा असायचा. पत्रपेटीपाशी थांबून घड्याळ बघत म्हणायचे, "हे कॅथीड्रल. इथे दहा मिनिटं." व्हीलचेअरवरच्या बायकोला त्यांना तिथे न्यायचं होतं, गाइडशिवाय, आपल्या चालीने.

मी आणि माझी पत्नी रुआँला निघालो, तेव्हा त्यांनी नकाशाची प्रत दिली. "डॉक्टर, पायऱ्या कुठे लागतात तेवढं बघून या हं."

तिथे पाऊस होता. आम्ही दिवसभर कॅफेत बसलो आणि परतलो. त्यांच्या घरी ते पेन्सिल घेऊन समोर बसले, तेव्हा खरं सांगायची मला लाज वाटली. "कुठेच पायऱ्या नाहीत," मी म्हणालो. त्यांनी नकाशातल्या प्रत्येक वळणावर खूण केली आणि आत हाक मारली, "ऐकलंस का गं? जमतंय आपल्याला!" आज इतक्या वर्षांनी लिहितो, त्यातल्या एकाही गल्लीत मी पाऊल टाकलं नव्हतं.

मे महिन्यात ते दोघं जाऊन आले. एका गल्लीत सात पायऱ्या लागल्या, खुर्ची निसटली. वहिनी वाचल्या, पण खुर्ची सावरताना त्या गृहस्थांचं मनगट मोडलं. मी भेटायला गेलो, तर तेच घाईघाईने म्हणाले, "तुम्ही जाऊन आल्यावर बांधल्या असतील, डॉक्टर. नव्याच दिसत होत्या."

"असेल," मी म्हणालो.

वहिनींनी काढलेला फोटो टेबलावरच होता. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या होत्या.