नटावरची लाल रेघ

काका आमच्या जुन्या ट्रॅक्टरच्या चाकाचे बोल्ट बदलत होते. प्रत्येक नटावरून चाकापर्यंत एक लाल रेघ होती, पप्पांनी माझ्या नेलपॉलिशने ओढलेली. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, असं ते सांगायचे. पप्पा गेले, तरी एकही रेघ तुटली नव्हती.

काकांनी एक बोल्ट काढून माझ्या हातावर ठेवला. "बघ, आतून पार झिजलाय."

पप्पाही शेवटच्या दिवसापर्यंत बाहेरून असेच तर दिसत होते, जागच्या जागी घट्ट.

"आण गं तुझी नखं रंगवायची बाटली. उद्या उसाची ट्रॉली घेऊन मलाच जायचंय."

नव्या नटांवर मी रेघा ओढल्या. सरळ आल्या.

"झालं! आता काळजी नाही," काका हसले.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतच राहिले.