नकाशात न आलेली वस्ती

यंत्राला जात नसते, असं तुम्हालाही वाटतं का?

मला वाटायचं. आमच्या घरात शाळेच्या पुस्तकांआधी चळवळीच्या सभांची पत्रकं यायची, आणि त्यांत वीज, यंत्र, शिक्षण हे शब्द आशेनंच छापलेले असत. कलबुर्गीला आकड्यांचं काम शिकून मी बिदरजवळच्या एका खाजगी डेअरीत लागले, तेव्हा मावशीनं वस्तीभर पेढे वाटले.

डेअरीला दूध गोळा करणाऱ्या डिझेलच्या गाड्या काढून बॅटरीच्या आणायच्या होत्या. त्यासाठी आधी जुन्या गाड्यांत जीपीएसच्या डब्या बसवल्या. गाडी कुठून जाते, कुठं थांबते, सगळं माझ्या संगणकावर उतरायचं. एका चार्जिंगमध्ये कुठली फेरी पुरी होईल, हे त्यावरून ठरणार होतं. डिझेलचा धूर आमच्याच छातीत जातो. त्या गाड्या जाव्यात असं मला मनापासून वाटत होतं, आजही वाटतं.

मावशी औरादकडं, गावाबाहेरच्या आमच्या वस्तीत राहते. काका गेल्यावर तिनं एक म्हैस घेतली. त्या दुधावर तिनं घर चालवलं, पण पुन्हा कुणाच्या रानात मजुरीला गेली नाही. नव्या गाड्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात तिचा फोन आला.

"गाडी येईना की गं. कॅन घेऊन उभं राहून पाय दुखायलेत."

"येईल मावशी. नवी हाय, होत असंल मागंपुढं."

"नवी हाय म्हणून आमाला इसरली व्हय?"

मी नकाशा उघडला. गाडी वस्तीच्या अलीकडूनच आडवाटेनं वळत होती. फेरी आखणाऱ्या शहरातल्या कंपनीचा नियम होता: गाडी दोन मिनिटांपेक्षा कमी थांबली, तर तो थांबा धरायचा नाही. नाहीतर रेल्वेचं फाटक आणि रस्त्यातल्या शेळ्याही थांबे ठरतील. नियम चुकीचा नव्हता. पण बाकी प्रत्येक गावात जुनी गाडी चांगली रेंगाळायची, आणि आमच्याकडं मात्र एकदाही दोन मिनिटं भरली नव्हती.

त्या फेरीचा ड्रायव्हर जुनाच. हसतमुख माणूस, सगळे त्याला अण्णा म्हणतात. डेअरीच्या फाटकाशी तो गाडीची काच पुसत होता.

"अण्णा, आमच्या वस्तीतून तुम्ही इतक्या लवकर कसं निघायचात?"

"तुमच्या बायका लई हुशार, अक्का. कॅन घेऊन रस्त्यावर तयार. ओतलं की निघालो."

"आन् बाकीच्या गावात?"

"तिथं चहा असतो की. न्हाई म्हणलं तर राग येतो लोकाला."

"आमच्याकडं कुणी इचारलंच न्हाई?"

त्याचा हात थांबला. "तुमची मावशी इचारायची. रोज इचारायची." मग तो पुन्हा काच पुसू लागला. "घाई असायची, अक्का."

आमचं दूध त्याच्या टाकीत चालायचं, आमचा चहा चालत नव्हता. डबीनं तो नकार अगदी प्रामाणिकपणे मोजला आणि आमची वस्ती पुसून टाकली.

मी व्यवस्थापकाकडं गेले.

"मॅडम, प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणता? हे नुसते आकडे आहेत."

"हे आकडे कशातून आले, तेच सांगतेय साहेब."

"आता फेरी बसलीय. तुमच्या वस्तीच्या वळशाला बॅटरी पुरणार नाही."

वाटेत चार्जिंगची सोय केली तर पुरते, हे मी मांडून दाखवलं. सोय करायची कुणी, या प्रश्नावर बैठक संपली. वस्तीतल्या बायकांना घेऊन पुन्हा गेले. 'पुढच्या वर्षी बघू,' एवढंच ऐकून परतलो.

मावशी काही दिवस कॅन डोक्यावर घेऊन गावातल्या केंद्रावर चालत गेली. तिथं तिचं दूध सगळ्यांच्या शेवटी घ्यायचे. उन्हाळा होता. नासलेलं दूध परत येऊ लागलं, तशी तिनं म्हैस विकली. आता ती तुरीच्या रानात मजुरीला जाते. परवा म्हणाली, "नवी गाडी लई चांगली हाय म्हणत्यात. आवाज बी येत न्हाई."



तुमच्या तालुक्यातही अशा गाड्या येतील, याव्यातच. फेऱ्यांचा नकाशा पक्का होण्याआधी मागून घ्या. तो हातात धरून गावाबाहेरच्या शेवटच्या घरापर्यंत चालत जा. नकाशात जे घर सापडणार नाही, ते स्वतःच्या हातानं त्यावर काढा, आणि ते छापून येईपर्यंत त्या कार्यालयातून उठू नका.